पट्टा

मारालालच्या दवाखान्यात
मी लेमोयोग आजोबांच्या दंडाला पट्टा गुंडाळते
आणि ते विचारतात,
"बाण कुणाकडे आहे?"

बाण नाही, आजोबा.
तरी त्यांचं विचारणं चूक नाही.
पट्टा म्हणजे काय हे मला त्यांनीच दाखवलं.
दुष्काळाचं वर्ष होतं, कासा आटलेल्या,
तांबडीच्या मानेभोवती चामड्याची वादी आवळून
ते उभे राहिले. घाई नाही.
परतीची वाट अडली तशी
शीर फुगत गेली,
कातड्याखाली बोटभर जाड, मऊ.
"दाबून बघ."
दाबली, दबली. सोडली, परत भरली.
बाण मुलीच्या हातात कुणी देत नसे,
माझ्याकडे भोपळा धरायचं काम.
पण दाबून बघायला मुलगी चालत होती.

"आता मागे. आणखी खोल. बोट रोव."
तिथे काहीतरी उलट ढकलत होतं
माझ्याच बोटाला.
"ही थेट काळजातून निघालेली.
प्रत्येक धक्का पहिला हिच्यावर येतो,
म्हणून भिंत जाड.
इथे लागला तर भोपळा भरेल,
गाय उरणार नाही."
म्हणून बाणाच्या टोकामागे लाकडाचा ठोकळा,
अंगठ्याच्या पेराइतकाच आत जावा.

लेमायाननं दोरी ताणली.
धार आली ती गडद, शांत,
भोपळ्याच्या गळ्याला एक शिंतोडा नाही.
मग वादी सुटली,
शीर आपोआप चपटी झाली.
वर चिमूटभर शेण नि राख.
तांबडी चरायला निघून गेली,
जसं काही कुणी तिला नाव विचारलं होतं फक्त.

नैरोबीत शिकताना फळ्यावर लिहिलं होतं:
नळी निम्मी अरुंद झाली
तर अडथळा सोळा पट.
पोरं पाठ करत होती.
मला दिसत होतं आमच्या काटेरी कुंपणाचं दार,
पहाट, फट एकच, आणि शिंगांत अडकलेली शिंगं.
आणि बाहेर कुरणात पोचली की तीच गुरं
सैल, पांगलेली, पाय ओढत,
काडीकाडीशी थांबणारी.
केशवाहिन्या म्हणजे कुरण,
हे मी पेपरात लिहिलं नाही.
लिहायला हवं होतं.

पट्टा फुगतो. कोपराच्या खळगीत चकती ठेवून मी ऐकते.
पुरता आवळलेला: काही नाही.
जरा सैल: ठक्. ठक्.
फटीतून रेटत निघालेलं रक्त बोलतं.
पुरतं मोकळं झालं की पुन्हा गप्प.
आजोबांचं रक्त फार लवकर बोलायला लागलं,
एकशे अठ्ठ्याण्णवला,
आणि गप्प व्हायला फार वेळ लावला.

आकडा सांगून उपयोग नव्हता.
मी त्यांच्या कमरेची वादी हातात घेतली,
कित्येक दिवसांत चरबी न लागलेली,
वाकवली तर कडकडणारी.
"आतली अशी झालीय. धक्क्याला ताणतच नाही."
ते बराच वेळ वादीकडे बघत राहिले.
चरबी चोळायची राहून गेली
याची लाज
त्यांना आजाराहून जास्त वाटली असावी.

"मग ही गोळी म्हणजे चरबी?"
"नाही. ही दार थोडं रुंद करते."
"आणि गुरं?"
"तेवढीच. रेटारेटी कमी."
"रोज?"
"रोज. डोकं दुखत नसलं तरी."
हे मात्र त्यांना पटलं नाही.
न दुखणाऱ्या गाईला कोण औषध पाजतं?

उठताना त्यांनी माझ्या हातातला पट्टा घेतला,
हुंगला.
"हे कातडं नाही. टिकणार नाही."

दारापाशी थांबले. दोन बोटं स्वतःच्या मानेत,
मागे, आणखी खोल.
बाकावरची माणसं बघत होती.
"नाइसुला," ते आतल्या आत म्हणाले,
"ढकलतेय अजून."